काही न दिसलेली पहाट

गेल्या आठवड्यापासून जळोचीच्या रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जायला लागल्यात. खिडकीत बसलं की आधी ट्रॅक्टरवरचं गाणं ऐकू येतं, मग ट्रॅक्टर दिसतो, आणि तो गेल्यावर बराच वेळ रस्त्यावर पाचट उडत राहतं. सकाळी अंगावर शाल लागते आणि अकरा वाजता पंखा. हा ऋतू नक्की कोणता, हे मला ऐंशी वर्षांत कळलेलं नाही. हिवाळा म्हणावा तर ऊन पोळतं, उन्हाळा म्हणावा तर पहाटे दात वाजतात. आम्ही लहानपणी त्याला सरळ गुऱ्हाळाचे दिवस म्हणायचो. आता ऊस कारखान्याला जातो आणि गुऱ्हाळं बोटांवर मोजण्याइतकी उरलीत, पण माझ्या डोक्यात त्या दिवसांचं नाव तेच आहे.

परवा नातीनं फोन माझ्या नाकासमोर धरला. "आजी, बघ, रॉकेट." दळणवळणाचे उपग्रह घेऊन निघालेलं होतं. उलटे आकडे मोजून झाले, खाली जाळ झाला, आणि तो पांढरा खांब हलके हलके वर निघाला. मग बाजूला बांधलेली नळकांडी सुटली. मग खालचा टप्पा सुटला. मग डोक्यावरच्या टोपणाच्या दोन फाका होऊन त्या बाजूला झाल्या, आणि वरचं छोटं इंजिन पेटलं. प्रत्येक वेळी काही सुटलं की तिथे बसलेली शहाणीसुरती माणसं टाळ्या वाजवायची. मी नातीला विचारलं, "टाळ्या कुणाला? जे पडलं त्याला, की जे पुढं गेलं त्याला?"

ती म्हणाली, "आजी, सगळं ठरल्याप्रमाणे झालं म्हणून."

मला ते पटलं नाही. पण का पटलं नाही, हे तिला सांगायला लागले तर जेवणं राहिली असती.

सत्तावन्न सालातल्या त्या गुऱ्हाळात ठरल्याप्रमाणे काहीच झालं नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

आमचं घर वडगाव निंबाळकरचं, आणि शेत कॅनॉलच्या खालच्या अंगाला. आई मी सहा वर्षांची असताना गेली. पुढच्या वर्षी दादाचं लग्न झालं आणि तेराचौदा वर्षांची वहिनी घरात आली. ती माझी वेणी घालायला लागली, तेव्हा तिची स्वतःची वेणी अजून कुणीतरी घालून द्यायला हवी होती. तिनंच मला न्हाऊ घातलं, शाळेत धाडलं, तापात उशाशी बसली. तिला अक्षर येत नव्हतं, पण मी धडा पाठ केला नाही तर तिला बरोबर कळायचं. कसं कळायचं कोण जाणे. त्या साली मी सतरा वर्षांची होते आणि सातवीची फायनल पास होऊन घरी बसले होते.

गुऱ्हाळाची आठवण म्हटली की आधी वास येतो. चरकातून पडणाऱ्या रसाचा हिरवा वास, काहिलीत तो तापायला लागला की मळीचा उग्र वास, आणि शेवटी पाक होत आला की एक असा वास, ज्याच्यानं पोट भरलेलं असताना भूक लागावी. चरकाचं ऑइल इंजिन दिवसभर टुकटुक करत असायचं. काहिलीखालच्या चुलवाणात चिपाडं सारणाऱ्या गड्यांच्या कपाळाला राख लागलेली असायची. आणि या सगळ्याच्या मधोमध, काहिलीच्या काठावर, आमचे दौलततात्या. तात्या गुळव्या होते, दर साली आमच्याकडं यायचे. पाक झाला की नाही हे ते बोटं गार पाण्यात बुडवून सरळ उकळत्या रसात घालून बघायचे. बोटांवर गोळी धरली की म्हणायचे, "उतरवा." त्यांच्या शब्दावर आठजण काहील उचलायचे. आमच्या भागात देवाचा शब्द एक वेळ खाली पडला असता, गुळव्याचा नाही.

दिवेलागणीला कामाला जरा उसंत मिळायची. तेव्हा मी चिपाडांच्या ढिगाशी बसून कंदिलाच्या उजेडात पेपर वाचून दाखवायची. आबांची, म्हणजे माझ्या वडलांची, नजर अधू झाली होती, पण पेपरची गोडी सुटली नव्हती. पेपर पुण्याहून निघायचा, बारामतीला यायचा, आणि तिथून एस.टी.नं आमच्याकडं. मी एकदा वाचायला लागले की गडी, तात्या, शेजारचे दोघंतिघं, सगळे कान देऊन ऐकायचे. भाकरीची टोपली घेऊन आलेली वहिनीही पदर सावरून मागं उभी राहायची.

त्या दसऱ्याच्या सुमाराला पेपरात आलं की रशियानं आभाळात एक धातूचा चंद्र सोडलाय. तो पृथ्वीला फेऱ्या घालतोय, आणि बीप बीप असा आवाज करतोय, जो रेडिओवर ऐकू येतो. तीन टप्प्यांच्या अग्निबाणानं तो वर नेलाय. मी वाचलं आणि थांबले. सगळे माझ्याकडं बघत होते.

"तीन टप्प्यांचा म्हंजी?" तात्यांनी विचारलं.

मला काय माहीत. पण सातवी पास झालेल्या मुलीनं माहीत नाही म्हणणं त्या काळी फार जड होतं. समोर आमची गाडी दिसत होती. गुळाच्या ढेपा भरलेली गाडी कॅनॉलच्या पुलाला चढवताना पुढं जास्तीची जोडी लावायची आमची रीत. चढ सरला की ती जोडी सोडायची, आणि गाडी आपल्या मूळ बैलांवर बारामतीची वाट धरायची. मी म्हटलं, "तात्या, आपण चढाला दुसरी जोडी लावतो ना, तसंच. पहिली जोडी थोडं वर नेते, मग सुटते. मग दुसरी ओढते, तीही सुटते. मग तिसरी. शेवटी नुसता माल वर राहतो."

माझं मलाच बरं वाटलं. तात्यांना नाही वाटलं.

"आन् जू सोडायचं कुणी? चालत्या गाडीचं चढावर जू सोडलं तर गाडी मागं येती. आमी काय कमी गाड्या चढवल्यात?"

"यंत्रच सोडतं, तात्या."

"बरं. सुटल्याली जोडी मागारी येती का?"

"पडते खाली."

"कुणाच्या डोस्क्यावर?"

याचं उत्तर पेपरात नव्हतं. आबा म्हणाले, "आन् शेवटाला बैलच न्हाईत, तर माल वर कशावर ऱ्हातो? त्यो का पडत न्हाय?" मी म्हटलं, तो पडतच असतो, पण जमीनच वाकडी असल्यामुळं त्याला सापडत नाही. हे मी कुठून काढलं देव जाणे. पुढं मोठ्या वर्गाला शिकवताना कळलं की ते बरंचसं बरोबर होतं. पण त्या दिवशी ते बोलून मी स्वतःच इतकी गोंधळले की पुढची बातमी वाचताना दोन ओळी गाळल्या.

वहिनी टोपली खाली ठेवत म्हणाली, "येवढा खटाटोप करून वर काय धाडलं?"

"एक गोळा. बीप बीप करतो."

"बस व्हय?" ती म्हणाली आणि भाकरीवर कोरड्यास वाढायला लागली.

पण माझं मन तेव्हा चंद्रात नव्हतं. घरात फळीवर एक कागद होता, त्याच्यात होतं. शाळेचे हेडगुरुजी तो मला देऊन गेले होते. पुण्याला मुलींचं ट्रेनिंग कॉलेज होतं, दोन वर्षांचं, राहायची सोय होती, आणि बाहेर पडलं की मास्तरीण. कागद मी भरला होता. फक्त खाली पालकाची सही राहिली होती. आबांचा विचार वेगळा होता. इंदापूरकडचं एक स्थळ आलं होतं, गुऱ्हाळ उरकलं की पाहुणे यायचे होते. "पानी न्हाय तिकडं, पर मानसं चांगली हायती," आबा म्हणायचे. ते वाईट नव्हते. पोरीला पुण्याला एकटी ठेवायची, हे त्यांच्या डोक्यात कुठं बसवावं हेच त्यांना कळत नव्हतं. कागद आणून दिला तेव्हा "बघू" म्हणाले. रोज "बघू" म्हणायचे. मुदत संपत आली होती.

आणि अशात एका संध्याकाळी पेपरात आलं की हा चंद्र, आकाश निरभ्र असेल तर, उद्या पहाटे आपल्या भागातून दिसेल. वेळ दिली होती, दिशा दिली होती.

तात्या हसले. "आबा, पोरगी शिकल्याली हाय म्हनता. तर दावू दे आमाला त्यो चंद्र."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मग फळीवरच्या कागदाचं त्यांना काय आठवलं कोण जाणे, सगळ्यांसमोर म्हणाले, "शालन, दिसला तर सही करतो. समद्यांम्होरं सांगतो. न्हाय दिसला तर पावन्यांना बलावतो. कबूल?"

कबूल, मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार. त्या रशियन गोळ्याच्या गळ्यात माझं सगळं आयुष्य आबांनी अलगद बांधून टाकलं होतं, आणि मला ते त्या क्षणी फार न्यायाचं वाटलं. विज्ञान आहे, पेपरात छापलंय, म्हणजे दिसणारच.

ती पहाट मला अजून तशीच्या तशी दिसते. कॅनॉलच्या भरावावर आम्ही पंधरावीस माणसं, घोंगड्या पांघरून, माना वर करून. पाण्यावरून गार वारा येत होता. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. हेडगुरुजीही गळपट्टा गुंडाळून आले होते, त्यांना पहिल्या एस.टी.नं बारामतीला जायचं होतं. तात्या "दोन मिंटं बघतो आन् येतो" म्हणून काहील सोडून आले. तात्या आले म्हणून जाळ घालणारे गडीही आले. सगळे उत्तरेकडं बघत होते, आणि मी आळीपाळीनं उत्तरेकडं आणि आबांच्या चेहऱ्याकडं बघत होते.

काही आलं नाही. एक चांदणी जरा हलल्यासारखी वाटली, पण ती दादाची मान हलली होती. कुणीतरी घुबड दाखवलं. पूर्व फटफटली, तांबूस झाली. गुरुजी एस.टी.ची वेळ झाली म्हणून निघून गेले. आणि मग वाऱ्याबरोबर तो वास आला. तात्या धोतर खोचून सरळ खाली पळाले. पाक पुढं गेला होता. त्या काहिलीचा गूळ काळा निघाला, इतका कडू की ढोरांनीही तोंड फिरवलं. तात्यांच्या हयातीत तसं कधी झालं नव्हतं. ते दिवसभर काहिलीच्या काठावर बसून राहिले. मला माझ्या रडण्यापेक्षा त्यांच्या गप्प बसण्याची जास्त लाज वाटत होती.

मी घरी आले आणि फळीकडं बघितलं. कागद नव्हता. आबांनी चुलवाणात घातला असणार, असं मी मनाशी धरलं. विचारायचा धीर झाला नाही. वहिनी चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं वर न बघता विचारलं, "दिसला का वन्सं?" मी नाही म्हटलं. "बरं. जेवा," ती म्हणाली. मला तिचा राग आला. माझं सगळं बुडालं होतं आणि हिला भाकरीचं पडलं होतं.

घोळ कुठं झाला ते दुपारी कळलं. डाळ वाळवताना खाली अंथरायला मी तोच पेपर घेतला, आणि माथ्यावरची तारीख दिसली. पेपर कालचा नव्हता, परवाचा होता. आमच्याकडं तो एक दिवस उशिरानंच यायचा, हे काय मला माहीत नव्हतं? पण त्याच्यानं आजवर कधी काही अडलंच नव्हतं. पुढाऱ्यांची भाषणं एक दिवस शिळी झाल्यानं बिघडत नाहीत. आम्ही वर्षानुवर्षं "आज" म्हणजे आपला आज आणि "उद्या" म्हणजे आपला उद्या, असंच वाचत आलो होतो. जगाच्या एक दिवस मागून आमचं गाव मजेत चाललं होतं. चंद्र आदल्याच दिवशी पहाटे येऊन गेला होता, आणि तेव्हा आम्ही सगळे झोपलो होतो.

मी ते आबांना सांगितलं नाही. सांगून काय, पैज ती पैज.

चारपाच दिवसांनी तात्या पहाटेचे काहिलीवर एकटे असताना त्यांना तो दिसला. त्यांनी आबांना येऊन सांगितलं, मी दाराआड होते. "येक चांदनी चालत गेली, आबा. लुकलुकत न्हवती. हिकडनं तिकडं सरळ. पोरगी खोटं बोलत न्हवती." आबा हुं म्हणाले. ज्या माणसाची आयुष्यभराची अब्रू माझ्यापायी जळाली होती, तोच माझी साक्ष द्यायला आला होता. मी आत जाऊन खूप रडले. तेव्हा नक्की कशासाठी रडले ते मला सांगता यायचं नाही.

आणि दिवाळी होऊन गेल्यावर पत्र आलं. ट्रेनिंगला माझी निवड झाली होती. ते मीच आबांना वाचून दाखवलं. आबांनी पत्र हातात घेऊन उलटसुलट केलं, डोळ्यांजवळ नेलं, पुन्हा माझ्याकडं दिलं. मग म्हणाले, "सरकारी कागद हाय. न्हाय कसं म्हनायचं." मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. म्हणजे तात्यांच्या सांगण्यावरून आबांनी गुपचूप सही केली होती. मी वर बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा गोंधळलेला होता. मला वाटलं, त्यांना भरून आलंय.

इंदापूरच्या पाहुण्यांना नकार गेला. मी पुण्याला गेले. त्या दोन वर्षांत घरातली माझ्या वाटणीची सगळी कामं वहिनीकडं गेली, हे मला सुट्टीत घरी आले तरी दिसायचं नाही. दिसायचं, पण मी त्याच्याकडं बघायची नाही. गुऱ्हाळाचे दिवस आले की हॉस्टेलच्या खिडकीत मला उगाच गुळाचा वास यायचा. आपण नक्की कुठं आहोत, वर चाललोय की नुसत्या फिरतोय, असं व्हायचं. दोन्ही घरं लांब होती, मागचं आणि पुढचं.

पुढं लोणी देवकरच्या शाळेवर असताना विज्ञानाच्या एका पुस्तकात मला वाचायला मिळालं की त्या साली लोकांनी आभाळात जो चालता तारा पाहिला, तो चंद्र नव्हताच. चंद्र फार लहान होता, नुसत्या डोळ्यांना जेमतेमच दिसण्यासारखा. लोकांना दिसलं ते त्याला वर नेऊन सोडणारं अग्निबाणाचं रिकामं नळकांडं. तेही त्याच्या मागोमाग काही दिवस फिरत होतं. मी पुस्तक मिटून बसून राहिले. वर्गात पोरं गलका करत होती. तात्यांना सांगावंसं वाटलं, पण ते तोवर गेले होते. आणि सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मग तुझी साक्ष मी कशाची दिली?

आबाही गेले. त्यांच्या तेराव्याला मी चार लोकांत सांगितलं की माझ्या वडलांनी त्या काळात सही केली म्हणून मी आज उभी आहे. बायकांनी डोळे पुसले. वहिनी वाढत होती.

मी निवृत्त झाले तेव्हा पेन्शनच्या कागदांसाठी कचेरीत माझी जुनी फाईल निघाली. कारकून भला होता. म्हणाला, "बाई, तुमचा पहिला अर्ज बघा, सतरा वर्षांच्या होता." पिवळा पडलेला कागद, माझं गोल गोल अक्षर. खाली पालकाच्या सहीच्या जागी सही नव्हती. अंगठा होता, निळा, जरा सरकलेला. त्याच्या शेजारी हेडगुरुजींच्या अक्षरात वहिनीचं नाव आणि पुढं "भावजय".

कारकून काहीतरी बोलत होता. मला त्याचे ओठ हलताना दिसत होते. चाळीस वर्षं मी ज्यांचे उपकार मानत आले, ते आबा त्या पत्राकडं का तसे बघत होते, हे एकदम लक्षात आलं. पण त्यांना कळलं होतं का? कळून गप्प बसले, की सरकारच परस्पर बोलावतंय असं त्यांना वाटलं? हे आता कुणाला विचारणार? मी फाईल परत केली आणि घरी न जाता सरळ वडगावची एस.टी. धरली.

वहिनी ओट्यावर लसूण सोलत बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तरी पावलांच्या आवाजावरनं तिनं मला ओळखलं. मी शेजारी बसले आणि विचारलं, "वैनी, माझ्या अर्जावर अंगठा तुझा हाय?"

"व्हय," ती म्हणाली, जणू मी लसणाचं विचारलं होतं.

"कधी केलास?"

"तुमी समदी कॅनॉलवर गेल्ता बगा, चंद्र बघाया. गुर्जी आपल्या दारावरनं चालल्यालं. म्या बलावलं. म्हनलं, हिची आई गेल्यापास्नं हिचं समदं म्याच केलंय, मांडा माजा अंगठा. त्यास्नी पयल्या गाडीनं बारामतीला जायाचं हुतं. कागद खिशात घालूनच कॅनॉलवर आलं."

म्हणजे आम्ही माना वर करून उभे होतो तेव्हा ते होऊनही गेलं होतं. गुरुजी माझ्याशेजारी उभे राहून आभाळाकडं बघत होते, आणि कागद त्यांच्या खिशात होता.

"आणि मला सांगितलं का नाहीस? आबांना कळलं असतं तर?"

"आबास्नी सांगायचं म्हनून रोज ठरवलं. मग तुमी त्येंच्या पायाशी वाकलासा, त्येंनी डोस्क्यावर हात ठेवला. मग कुठं सांगाया बसू."

मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला, लसणाचा वास लागेल म्हणून, आणि हसायला लागली.

"गुर्जींचं शाईचं पेन गळकं हुतं. हाताला लागल्याली शाई निघता निघंना. तवर तुमी आलासा. तशाच थापल्या भाकरी. समद्यांनी खाल्ल्या त्या," ती म्हणाली. "आबांनी तीन खाल्ल्या."